मोर्चा पांगल्यानंतरचे काही तास : आंदोलनाचा हक्क, पोलिसांचे अधिकार आणि आपली तयारी

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारण्यात आला. बंदला हिंसक वळण लागले. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराचा वापर केला. मग धरपकड सुरू झाली. त्यात पकडलेले सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले.

तेव्हापासून दोन बाजूंनी वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, दगड मारणाऱ्यांना पोलिसांनी काय हार घालायचे होते? दुसरी बाजू म्हणते, विटंबना झाल्यावर समाज रस्त्यावर उतरणार नाही तर काय करणार? या दोन्ही प्रश्नांमध्ये एक गोष्ट सुटते, ती म्हणजे वेळ. दगडफेक चालू असताना पोलिसांना जे अधिकार असतात, ते रस्ता मोकळा झाल्यावर त्यांच्याकडे उरत नाहीत. आणि आपल्या वस्त्यांना जे सोसावे लागते, त्यातले बरेचसे रस्ता मोकळा झाल्यावरच घडते.

आंदोलनाचा हक्क आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांचा तोल कसा साधायचा, याची चर्चा आम्हाला या ठिकाणाहून सुरू करावीशी वाटते.

हक्क कुठून येतो, कुठे थांबतो

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ब) ने प्रत्येक नागरिकाला शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. १९(१)(अ) ने भाषण आणि अभिव्यक्तीचा. निदर्शन हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केले. याच अनुच्छेदाच्या पुढच्या खंडांमध्ये राज्याला सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी "वाजवी निर्बंध" घालण्याची मुभा आहे. पोलिसांचे सगळे अधिकार त्या "वाजवी" या शब्दाला बांधलेले आहेत.

महाराष्ट्रात आंदोलन करणाऱ्या प्रत्येकाची गाठ महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ शी पडते. त्याच्या कलम ३७ खाली जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. पाच किंवा अधिक लोक जमू नयेत, घोषणा देऊ नयेत, मिरवणूक काढू नये. असा जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. पण अनेक जिल्ह्यांत एक संपला की दुसरा निघतो, आणि वर्षाचा मोठा भाग मनाईतच जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, म्हणजे आपण ज्याला अजूनही "१४४" म्हणतो ते, वेगळे आहेच.

याच १९५१ च्या कायद्याखालचा एक नियम १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आला होता. हिम्मतलाल शाह खटला या नावाने तो ओळखला जातो. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी सभेला परवानगी नाकारली होती. न्यायालयाने सांगितले की रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येईल, वेळ आणि जागा ठरवता येईल, पण परवानगी नाकारण्याचा मनमानी अधिकार अधिकाऱ्याच्या हाती देता येणार नाही. २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की १४४ चा वापर रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी करता येणार नाही आणि असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात बीड जिल्ह्यातल्या माजलगावात धरणे धरायचे होते. प्रशासनाने कलम ३७ चा आदेश पुढे करून परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असेही बजावले. हा निकाल प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये असायला हवा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२० च्या शाहीनबाग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. हा निकाल आपल्याला आवडो न आवडो, आज तोच लागू आहे. रुग्णवाहिका अडली, हातगाडीवाल्याचा दिवस बुडाला, शाळेतले मूल घरी पोहोचले नाही, तर त्यांचेही हक्क आहेत. आणि हे लोक बहुतेकदा आपल्यासारखेच कष्टकरी असतात.

सुव्यवस्थेचा धोका किती वेळ टिकतो

"सार्वजनिक सुव्यवस्था" हा शब्द पोलिसांच्या प्रत्येक नोटिशीत असतो. त्याचा अर्थ काय, हे १९६५ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात न्यायालयाने एकात एक असलेल्या तीन वर्तुळांनी समजावले. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. प्रत्येक गुन्हा पहिल्या वर्तुळात येतो, पण प्रत्येक गुन्ह्याने दुसरे वर्तुळ भंगत नाही. दोन माणसांची हाणामारी हा गुन्हा आहे, मात्र त्यामुळे सगळ्या शहराला घरात कोंडता येत नाही.

आम्हाला यात वेळेची बाब महत्त्वाची वाटते. जमाव हिंसक झाला असताना त्याला पांगवण्याचा, गरज असेल तेवढेच बळ वापरण्याचा अधिकार पोलिसांना आहे. तो असायलाही हवा. जमाव पांगला की या अधिकाराचे कारण संपते. त्यापुढे सुरू होतो तो तपास. तपासाला पुरावा लागतो, अटकेला कारण लागते, झडतीला पद्धत लागते.

जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर पोलीस कारवाई झाली. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती चुकीची ठरवली. झोपलेल्या माणसांकडून असा कोणता तातडीचा धोका होता, की सकाळपर्यंत थांबता येत नव्हते? हा त्या निकालाचा गाभा आहे. त्याच निकालात न्यायालयाने आयोजकांवरही ठपका ठेवला आणि भरपाईचा २५ टक्के वाटा त्यांच्या ट्रस्टवर टाकला. लोकांना पोलिसांच्या सूचना पाळून शांतपणे बाहेर पडायला सांगणे हे आयोजकांचे काम होते, ते झाले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपण हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे.

वस्तीतली रात्र

परभणीत बंदनंतर दलित वस्त्यांमध्ये पोलीस घुसले, घरांतून माणसे ओढून काढली, महिलांनाही मारहाण झाली, असे आरोप रहिवाशांनी केले. "कोंबिंग ऑपरेशन" हा शब्द त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी होता. कोंबिंगच्या नावाखाली सरसकट घरे उपसण्याचा अधिकार कोणत्याही फौजदारी कायद्याने दिलेला नाही. कायद्यात झडती आहे, जप्ती आहे, अटक आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक आहे. कलम ४३ प्रमाणे अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

सोमनाथ सूर्यवंशी यांच्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदवले गेले. मुख्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेत सांगितले की, त्यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, चित्रीकरणात मारहाण दिसत नाही आणि त्यांना श्वसनाचा आजार होता. कुटुंबाने हे मान्य केले नाही. त्यांची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले, ३० जुलैला तेथेही सरकारची बाजू टिकली नाही. मृत्यूची चौकशी निःपक्ष व्हावी एवढ्यासाठी नव्हे, तर साधा गुन्हा नोंदवला जावा यासाठी एका आईला साडेसात महिने लढावे लागले. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवेल. पण गुन्हा नोंदवण्यालाच सरकारने विरोध करावा, याचा अर्थ काय घ्यायचा?

"दंडाधिकाऱ्यांसमोर तक्रार केली नाही" या युक्तिवादाचा विचार करा. ज्या पोलिसांबद्दल तक्रार करायची, तेच मागे उभे असतात आणि त्यांच्याच गाडीतून परत जायचे असते. अशा वेळी किती जण तोंड उघडतील? म्हणूनच पहिल्या रिमांडच्या वेळी आरोपीजवळ वकील असणे ही आंदोलनातली सर्वांत महत्त्वाची तयारी आहे, असे आमचे मत आहे.

मोजमाप एकच हवे

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले. जमाव टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो स्वीकारला नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये, म्हणजे सुमारे १२ वर्षांनी.

आता अलीकडचे पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. तेव्हा गृहखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी तीन दिवसांत जाहीर माफी मागितली. ती मागायलाच हवी होती. त्या आंदोलकांच्या हक्काला आमचा आक्षेप नाही. त्यांचा हक्क आणि आपला हक्क एकाच अनुच्छेदातून येतो. आमचा प्रश्न सरकारला आहे. एका ठिकाणी तीन दिवसांत माफी आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत विरोध, हे कोणत्या तराजूत बसते? सुव्यवस्थेचा तोल जमावाची मते मोजून ठरत असेल, तर त्याला वाजवी निर्बंध म्हणता येणार नाही.

यात आणखी एका कायद्याची भर पडत आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. त्यावर १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. संयुक्त समितीने त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांकडे असल्याचे स्पष्ट केले. पण "बेकायदेशीर कृत्य" या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असलेली कृतीही बसते. प्रत्यक्ष अडथळा आणि अडथळ्याचा "कल" यांत मोठे अंतर आहे. कल कुणी ठरवायचा? लोहिया खटल्यातल्या वर्तुळांच्या सीमारेषा इथे पुसट होतात.

बंद की मोर्चा?

आपल्या चळवळीला कडू वाटेल असे काही बोलणे भाग आहे. विटंबनेची बातमी येते आणि दोन तासांत व्हॉट्सअॅपवर बंदची हाक फिरते. हाक कुणी दिली, मार्ग कोणता, शेवट कुठे, जबाबदार कोण, काहीच ठरलेले नसते.

कायद्याच्या दृष्टीने मोर्चा आणि बंद यांची पायरी एक नाही. मोर्चाला संविधानाचे संरक्षण आहे. सक्तीच्या बंदला नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तसा निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर महाविकास आघाडीने पुकारलेला महाराष्ट्र बंद याच न्यायालयाने रोखला, तेव्हा त्या पक्षांनी काळ्या फिती लावून मूक आंदोलन केले. मोठ्या पक्षांचे हे होते, तर आपल्या वस्तीतल्या पोरांचे काय होणार?

बंदमध्ये आयोजक नसतो, स्वयंसेवक नसतात, बाहेरून कोण घुसले हे कळत नाही. एक दगड पडला की सगळा जमाव बेकायदेशीर ठरतो. मग गुन्ह्यात काही नावे आणि "इतर अज्ञात" असे लिहिले जाते. त्या "अज्ञात" मध्ये पुढे कुणाचेही नाव बसवता येते. समान उद्देशाच्या कलमाखाली, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १९० खाली, एकाने केलेल्या कृत्यासाठी सगळ्यांना आरोपी करता येते. नुसती हजेरी दोषी ठरवायला पुरेशी नसते, हे खरे. पण ते सिद्ध व्हायला खटला संपावा लागतो, आणि तोवर पोलीस भरतीचे, एमपीएससीचे वय निघून जाते. चारित्र्य पडताळणीत अडकलेला मुलगा बहुतेकदा घरातला पहिला पदवीधर असतो.

"सरकार गुन्हे मागे घेणार" या घोषणेवर विसंबून राहू नका. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ठरलेल्या मर्यादेच्या आत असावे, अशा अटी सरकारच्या निर्णयांत असतात. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. मंत्र्याच्या भाषणाने खटला संपत नाही.

बाबासाहेबांचे नाव घेऊन गप्प करणाऱ्यांना

२५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आपल्याला हमखास ऐकवले जाते. संवैधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून द्यावेत, असे बाबासाहेबांनी त्यात सांगितले, हे खरे आहे. पण शांततेने एकत्र जमणे हा हक्क त्याच संविधानाने दिला आहे. मोर्चा, धरणे, सभा, निवेदन हे संवैधानिक मार्गच आहेत. ते बंद करणारा अधिकारीच लोकांना त्या मार्गाबाहेर ढकलत असतो.

महाडचा दुसरा अध्याय आपण कमी सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये विरोधकांनी चवदार तळ्याबाबत न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी परिषद घेतली, मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. त्याऐवजी लोकांनी शिस्तीत मिरवणूक काढली. मग दहा वर्षे न्यायालयीन लढाई चालली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळे खुले असल्याचा निकाल दिला. जमाव गोळा करण्याची ताकद आणि त्याला थांबवण्याची ताकद एकाच नेतृत्वाकडे होती. याला भित्रेपणा म्हणण्याची हिंमत कुणी करेल का?

आपण काय करायचे

आंदोलनाआधी : अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मार्ग, वेळ, आयोजकांची नावे, स्वयंसेवकांची संख्या लिहा. परवानगी नाकारली तर कारणासह लेखी उत्तर मागा. तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही, लेखी नकाराला देता येते. तालुक्यातल्या दोन-तीन वकिलांची यादी आधीच तयार ठेवा.

आंदोलनात : ओळखीच्या फिती लावलेले स्वयंसेवक दोन्ही कडेला ठेवा. महिला आणि लहान मुले मध्ये. पूर्ण कार्यक्रमाचे चित्रीकरण करा, फक्त लाठीमाराचे नव्हे. दगड उचलणारा आपला असो की बाहेरचा, त्याला तिथेच रोखा आणि चित्रीकरण जपून ठेवा. शेवटची घोषणा झाली की लोकांना गटागटाने घरी पाठवा. मोर्चा कुठे संपला आणि किती वाजता, हे जाहीरपणे माईकवरून सांगा.

आंदोलनानंतर : ही पहिली रात्र आणि दुसरा दिवस सर्वांत महत्त्वाचा. कुणाला ताब्यात घेतले, किती वाजता, कोणत्या ठाण्याने, याची वही ठेवा. अटकेची कारणे लेखी आणि कळणाऱ्या भाषेत मिळायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह खटल्यात पुन्हा स्पष्ट केले आहे. नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे ही पोलिसांची कर्तव्ये आहेत. तपासणीच्या वेळी प्रत्येक जखम दाखवा, नोंद करायला सांगा. मारहाण झाली असेल तर वकिलामार्फत पहिल्याच रिमांडला लेखी सांगा.

पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रीकरण १८ महिने जपावे, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सांगितले आहे. ते जपून ठेवण्याची मागणी करणारा अर्ज त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि त्याचीही पोच घ्या.

सरकारकडे आमची मागणी मोठी नाही. नवा कायदा नको, आहे तो पाळा. मनाई आदेश छापील नमुन्यावर दर पंधरवड्याला काढू नका. वस्तीत शिरायचे असेल तर नाव, कारण आणि कॅमेरा घेऊन शिरा. कोठडीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवायला आईला न्यायालयात पाठवू नका.

आणि तरुण मित्रांनो, पुढची विटंबना होईल त्या दिवशी राग येणारच, तो यायलाच हवा. त्या रागाला मार्ग, वेळ, स्वयंसेवक आणि वकील द्या. संध्याकाळी मोर्चातले प्रत्येक पोर आपापल्या घरी पोहोचले आहे ना, हे दारोदार जाऊन पाहा. ते पोहोचल्याखेरीज आपले आंदोलन संपलेले नसते.

जय भीम! जय संविधान!